लघवीची नळी दीर्घकाळ लागणार असेल तर: पर्याय कसा निवडावा

लघवीची नळी बहुतेक वेळा घाईच्या प्रसंगी बसवली जाते. लघवी तुंबून ओटीपोट फुगलेले असते, मोठी शस्त्रक्रिया झालेली असते किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला अंथरुणातून हलवता येत नसते. त्या वेळी मूत्रमार्गातून नळी घालणे हाच योग्य उपाय असतो. अडचण नंतर सुरू होते. रुग्ण नळीसह घरी येतो, दर काही आठवड्यांनी नळी बदलली जाते, आणि ती अजून का आहे किंवा तिच्याऐवजी दुसरे काही चालेल का, हे कोणी विचारतच नाही. दीर्घकाळाची निवड म्हणजे त्या पहिल्या निर्णयाला आपोआप मिळत गेलेली मुदतवाढ असू नये. ती वेगळा वेळ काढून, रुग्णाला सोबत घेऊन आणि मूत्ररोगतज्ज्ञाशी बोलून करावी. त्या बोलण्याला जाण्यापूर्वी काय माहीत असावे, ते येथे मांडले आहे.

आधी नळीची गरजच तपासा

प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडलेल्या पुरुषाला टॅमसुलोसिनसारखे औषध सुरू करून काही दिवसांनी नळी काढून पाहतात. पुष्कळांची लघवी त्यानंतर मोकळी होते. झाली नाही, तरी प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. 'आता या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही' असे घरच्यांनीच ठरवून टाकण्यापेक्षा भूलतज्ज्ञाचे मत एकदा घ्यावे, कारण वर्षानुवर्षे नळी बाळगणे हेही शरीराला सोपे नसते. तीव्र बद्धकोष्ठ, सर्दीवरची काही औषधे, नैराश्यावरची काही जुनी औषधे आणि लघवीची घाई कमी करण्यासाठी दिलेली औषधे यांमुळेही लघवी अडू शकते. म्हणून रुग्ण घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

लघवी आवरत नाही, एवढ्याच कारणासाठी कायमची नळी बसवू नये, असे मी ठामपणे म्हणेन. त्यासाठी डायपर, पुरुषांसाठी बाहेरून लावायची नळी, ठरावीक वेळी शौचालयात नेण्याची सवय आणि औषधे हे मार्ग आधी करून पाहावेत. अपवाद दोन. पाठीच्या खालच्या भागातील शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने झालेली जखम) लघवीमुळे सतत ओला राहून भरत नसेल तर नळीचा खरा उपयोग होतो, आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात प्रत्येक हालचाल वेदनादायक झाली असेल तर रुग्णाच्या आरामासाठी नळी ठेवणे योग्यच असते. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाच्या बाबतीत विशेष सावध राहावे. त्याला नळीचे कारण लक्षात राहत नाही, ती त्याला टोचते आणि नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाशी पाण्याने फुगवलेल्या फुग्यासह तो ती ओढून काढतो. त्यामुळे मूत्रमार्गाला गंभीर इजा होते.

मूत्राशयाचे कोणते काम बिघडले आहे?

मूत्राशयाची कामे दोन आहेत: लघवी कमी दाबाखाली साठवणे आणि वेळ आली की पूर्ण बाहेर टाकणे. कोणता पर्याय चालेल, हे यातले कोणते काम बिघडले आहे यावर ठरते. रिकामे होण्यात दोष असेल तर लघवी आतून बाहेर काढावीच लागते, तेथे बाहेरून लावलेली नळी उपयोगाची नाही. साठवण्यात दोष असेल पण मूत्राशय पूर्ण रिकामे होत असेल, तर आत नळी घालण्याची गरजच नसते. हे कळण्यासाठी लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती लघवी उरली ते पाहतात.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये, पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष असलेल्यांमध्ये आणि मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मज्जासंस्थेच्या आजारांत तिसरी गोष्टही पाहावी लागते, ती म्हणजे मूत्राशयातील दाब. मूत्राशय आकुंचन पावते, पण त्याच वेळी खालचा स्नायू बंदच राहतो. मग तो दाब वरच्या दिशेने मूत्रपिंडांवर येतो आणि दुखल्याखुपल्याशिवाय मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. अशा रुग्णांनी युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय भरताना आणि रिकामे होताना आतला दाब मोजणारी), मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज पर्याय ठरवू नये.

पहिली पसंती: ठरावीक वेळाने घालून काढायची नळी

मूत्राशय रिकामे होत नसेल आणि हात चालत असतील, किंवा मदतीला कोणी असेल, तर दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची, हा पर्याय सर्वांत आधी विचारात घ्यावा. सतत आत राहणाऱ्या नळीपेक्षा यात संसर्ग, खडे आणि मूत्रमार्गाच्या जखमा कमी होतात. मूत्राशय नैसर्गिक रीतीने भरते आणि रिकामे होते, अंगावर पिशवी राहत नाही आणि लैंगिक जीवनात अडथळा येत नाही. पूर्वी हे काम पूर्ण निर्जंतुक पद्धतीनेच करावे लागते असे मानत. १९७२ साली अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी स्वच्छ धुतलेल्या हातांनी आणि स्वच्छ नळीने घरीच हे करता येते, हे दाखवून दिले. मूत्राशय वेळेवर रिकामे करणे हे नळीच्या काटेकोर निर्जंतुकपणापेक्षा महत्त्वाचे आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आजही टिकून आहे.

हात चालतात का, हे घरीच पाहता येते. शर्टाचे बटण लावता येते का, बाटलीचे फिरकीचे झाकण उघडता येते का, लेखणी धरून नाव लिहिता येते का आणि बसल्या जागी हात जांघेपर्यंत नीट पोहोचतो का, हे पाहावे. हे जमत असेल तर नळी घालणेही बहुधा जमते. वय आड येत नाही. अंध व्यक्तीही स्पर्शाने हे शिकतात. सुरुवातीला भीती वाटते, विशेषतः स्वतःच्या शरीरात काही घालण्याची. एकदा ऐकून ती जात नाही. म्हणून शिकवणारी परिचारिका घाई न करणारी असावी, आणि पहिले काही दिवस शंका विचारायला ती उपलब्ध असावी, याचा आग्रह धरावा.

पुरुषांनी शिश्न वर उचलून धरावे म्हणजे मूत्रमार्गाचा बाक सरळ होतो. नळी आत जाताना शेवटी एका जागी अडल्यासारखी वाटते, कारण तेथे स्नायूचे कडे आवळलेले असते. अशा वेळी जोर लावू नये. दीर्घ श्वास घेऊन सोडावा, थोडे थांबावे आणि हलक्या हाताने पुन्हा सरकवावे. लघवी वाहू लागली की नळी आणखी थोडी आत घ्यावी. स्त्रियांना आरंभी आरशाची मदत होते, पुढे बोटाच्या स्पर्शाने जागा सापडते. नळी चुकून योनीत गेली तर ती तेथेच राहू द्यावी म्हणजे ती जागा पुन्हा चुकत नाही, आणि नवी नळी घेऊन थोडी वर घालावी. प्रवाह थांबल्यावर नळी हळूहळू बाहेर काढावी, मध्येच पुन्हा लघवी आली तर थांबावे. शेवटचा साठाही निघणे महत्त्वाचे आहे, कारण जंतू त्यातच वाढतात.

किती वेळा नळी घालायची, हे घड्याळापेक्षा मोजमापावर ठरवावे. काही दिवस वेळ, प्यायलेले पाणी आणि निघालेली लघवी यांची नोंद ठेवावी. मोठ्या माणसात एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी वरचेवर निघत असेल तर दोन वेळांमधले अंतर कमी करावे. पाणी कमी पिऊन नळी घालण्याच्या वेळा वाचवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने संसर्ग वाढतो.

बाजारात साध्या नळ्या मिळतात, तशाच पाण्याने निसरड्या होणाऱ्या थराच्या नळ्याही मिळतात. ज्यांना वरचेवर खरचटते, रक्त येते किंवा मूत्रमार्ग अरुंद आहे, त्यांना निसरड्या नळीने आराम पडतो. ती नळी धुऊन पुन्हा वापरू नये, कारण तो थर पहिल्या वापरानंतर टिकत नाही. साध्या नळीबरोबर वंगण जेल वापरावी.

हात अजिबात चालत नसतील, मदतीला दिवसभर माणूस नसेल, मूत्राशय फार थोडी लघवी धरत असेल किंवा मूत्रमार्ग पूर्णच बिघडला असेल, तर हा पर्याय मागे पडतो. हात बरे आहेत पण चाकाच्या खुर्चीवरून मूत्रमार्गापर्यंत पोहोचणे शक्य नाही, अशांसाठी अपेंडिक्स वापरून बेंबीजवळ छोटा मार्ग तयार करण्याची शस्त्रक्रियाही आहे. मात्र ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि तिचा विचार विशेष केंद्रातच व्हावा.

नळी कायम ठेवायचीच असेल तर मूत्रमार्गातून की ओटीपोटातून?

सतत आत राहणारी नळी दोन मार्गांनी बसवता येते. मूत्रमार्गातून बसवायला शस्त्रक्रिया लागत नाही आणि ती घरीही बदलता येते. म्हणून ती सहज निवडली जाते आणि सहज राहूनही जाते. काही आठवड्यांसाठी ती उत्तम आहे. महिने आणि वर्षे लोटतील असे दिसत असेल, तर मूत्रमार्गाचे काय होईल याचा विचार करावा. पुरुषांमध्ये नळीचा ताण शिश्नाच्या खालच्या बाजूवर सतत राहिला तर तेथील त्वचा चिरत जाते. संवेदना नसलेल्या रुग्णाला ते कळतही नाही. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग हळूहळू सैल होतो, नळीच्या बाजूने लघवी गळू लागते, मग जास्त जाड नळी आणि जास्त मोठा फुगा वापरला जातो, त्याने मार्ग आणखी सैल होतो. हे चक्र नंतर थांबवणे फार कठीण असते.

ओटीपोटातून, जघनास्थीच्या जरा वर, छोटे छिद्र करून नळी थेट मूत्राशयात सोडली तर ही हानी टळते. खुर्चीवर बसणाऱ्याला नळी मांड्यांमध्ये दबत नाही, बदलणाऱ्याला जागा सहज दिसते, मदतनीसासमोर रुग्णाला तितके उघडे व्हावे लागत नाही आणि लैंगिक संबंध शक्य राहतात. ही शेवटची बाब डॉक्टर सहसा स्वतःहून काढत नाहीत आणि रुग्णही संकोचाने बोलत नाही. तरी निवड करताना तिचे वजन मोठे आहे आणि ती विचारलीच पाहिजे.

मात्र ओटीपोटातील नळीने संसर्ग किंवा नळी तुंबणे संपते, असा समज करून घेऊ नये. त्या अडचणी दोन्ही मार्गांत राहतात. पहिल्यांदा नळी बसवताना जवळच्या आतड्याला इजा होण्याचा थोडा पण गंभीर धोका असतो. म्हणून मूत्राशय पुरेसे भरून आणि सोनोग्राफीच्या मदतीने हे काम व्हावे. पोटाच्या खालच्या भागात पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील किंवा मूत्राशयात कर्करोग असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. कर्करोगात हा मार्ग टाळतात. स्त्रियांमध्ये मूत्रमार्ग आधीच सैल झाला असेल तर वर नळी बसवूनही खालून गळती चालू राहू शकते. म्हणूनच माझे मत असे आहे की दीर्घकाळ नळी लागणार हे स्पष्ट होताच ओटीपोटातील नळीची चर्चा करावी. मूत्रमार्ग खराब झाल्यावर ती केली तर तिचा निम्मा फायदा आधीच गेलेला असतो.

नवे छिद्र पक्के व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिली बदली रुग्णालयातच करावी. नळी कधी निसटून बाहेर आली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. छिद्र काही तासांतच आकसू लागते. जागा स्वच्छ कापडाने झाकून लगेच रुग्णालय गाठावे.

बाहेरून लावायची नळी

ही पुरुषांसाठी निरोधासारखी शिश्नावर चढवून पिशवीला जोडतात. आत काही जात नसल्याने ती आतल्या नळीपेक्षा सुखाची असते. अट एकच, पण ती मोडता येत नाही: मूत्राशय पूर्ण रिकामे होत असले पाहिजे. उत्पादकाच्या मापपट्टीने घेर मोजूनच आकार निवडावा, ती रोज बदलावी, त्वचा धुऊन कोरडी करावी आणि कोणतीही साधी चिकटपट्टी गोल गुंडाळून ती आवळू नये. संवेदना नसेल तर अशा आवळण्याने शिश्नाला गंभीर इजा होते.

नळी कशाची, किती जाड, किती लांब

नळीची जाडी फ्रेंच या मापात सांगतात. हे माप एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरण बनवणाऱ्याने रूढ केले. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर व्यास. कायम ठेवायच्या नळीसाठी स्त्रियांना साधारण १२ ते १४ आणि पुरुषांना १२ ते १६ पुरते. लघवी वाहू शकेल अशी सर्वांत बारीक नळी निवडावी. ओटीपोटातील नळी सहसा थोडी जाड, १६ किंवा त्याहून अधिक ठेवतात. फुगा १० मिलिलिटरचा पुरेसा असतो. मोठा आणि जड फुगा मूत्राशयाच्या तळावर घासून कळा आणतो. स्त्रियांसाठी बनवलेली आखूड नळी पुरुषाला कधीही घालू नये, कारण तिचा फुगा मूत्रमार्गातच फुगतो. घरी ठेवलेल्या नव्या नळीच्या पाकिटावर लांबी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

साधी लॅटेक्स नळी दीर्घकाळासाठी योग्य नाही. पूर्ण सिलिकॉनची किंवा हायड्रोजेलचा थर असलेली नळी घ्यावी. अशी नळी जास्तीत जास्त बारा आठवड्यांपर्यंत चालते, तीही मध्ये तुंबली नाही तर. सिलिकॉनच्या नळीचा आतला मार्ग त्याच जाडीच्या लॅटेक्स नळीपेक्षा रुंद असतो, म्हणून वारंवार तुंबणाऱ्यांना ती बरी. पण तिच्या फुग्यातील पाणी हळूहळू झिरपून कमी होते आणि नळी निसटू शकते, हे लक्षात असावे. फुग्यात निर्जंतुक पाणीच भरावे. सलाइनचे स्फटिक जमून फुगा रिकामा करणे अवघड होऊ शकते. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी, आणि कण्याच्या जन्मजात दोषामुळे लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया झालेल्यांनी, लॅटेक्स पूर्णपणे टाळावे.

पिशवी की झडप

दिवसा मांडीला किंवा पोटरीला बांधायची छोटी पिशवी आणि रात्री तिला जोडायची मोठी पिशवी ही नेहमीची रचना. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, पण जमिनीला टेकू नये, आणि दोन-तृतीयांश भरण्यापूर्वी रिकामी करावी. नळीला मांडीवर किंवा पोटावर पट्टीने आधार द्यावा म्हणजे पिशवीचे वजन मूत्रमार्गावर येत नाही. जोड शक्यतो उघडू नये.

पिशवी नको असलेल्यांसाठी नळीच्या टोकाला झडप लावून दर तीन-चार तासांनी लघवी सोडता येते. ज्यांचे मूत्राशय पुरेसे साठवते, ज्यांना वेळ लक्षात राहते आणि ज्यांच्या मूत्रपिंडांवर दाब येत नाही, त्यांच्यासाठी झडप फार मोकळीक देते. इतरांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

नळी वारंवार तुंबत असेल तर

काही जंतू, विशेषतः प्रोटियस, लघवीतील युरियाचे विघटन करतात. लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्षार नळीवर जमतात. काढलेल्या नळीचे टोक हातमोजा घालून बोटांत फिरवून पाहावे. वाळूसारखी कचकच लागली तर तुंबण्याचे कारण हेच. अशा रुग्णांसाठी लागोपाठच्या तीन-चार नळ्या किती दिवस टिकल्या ते लिहून ठेवावे आणि त्या अनुभवानुसार तुंबण्याच्या थोडे आधीच बदलीची तारीख ठरवावी. बारा आठवड्यांचे वेळापत्रक सर्वांना सारखे लावण्यात अर्थ नाही. सतत असे होत असेल तर मूत्राशयात खडा आहे का, ते तपासून घ्यावे. बाजूने लघवी गळू लागली तर आधी नळीला पडलेला पीळ, बद्धकोष्ठ आणि मूत्राशयाच्या कळा ही कारणे पाहावीत. लगेच जाड नळी घालू नये.

महिनाभर नळी आत राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. लघवी गढूळ आहे किंवा तिला वास येतो, एवढ्यावर प्रतिजैविके घेऊ नयेत. त्याने उपयोग होत नाही आणि औषधांना न जुमानणारे जंतू मात्र तयार होतात. ताप, थंडी, कंबरेत दुखणे, नवी ग्लानी अशी लक्षणे असतील तर उपचार हवेतच. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा.

नळी असूनही दोन-तीन तास लघवी आली नाही आणि ओटीपोट दुखू लागले, रक्ताच्या गाठी येऊ लागल्या किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूची इजा झालेल्या व्यक्तीला अचानक डोके ठणकून घाम सुटला, चेहरा लाल झाला, तर बहुधा नळी तुंबलेली किंवा पिळलेली असते आणि रक्तदाब धोकादायक पातळीवर चढत असतो. रुग्णाला लगेच बसते करावे, कपडे सैल करावेत, नळीचा पीळ काढावा आणि तरीही लघवी वाहिली नाही तर नळी तत्काळ बदलावी. ही तातडीची अवस्था आहे. अशा घरात सुटी नळी, जेल आणि फुग्यासाठीची सिरिंज हाताशी ठेवावी, आणि नळी बदलणे घरातील किमान दोघांना शिकवलेले असावे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर या गोष्टी लिहून न्याव्यात: नळी कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेला बसवली, काढून पाहण्याचा प्रयत्न झाला का, नळीचे माप आणि प्रकार, प्रत्येक बदलीची तारीख, हात किती चालतात, दिवसा आणि रात्री मदतीला कोण असते, रुग्ण बसून असतो की हिंडतो, आणि त्याला स्वतःला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. परिस्थिती बदलली, म्हणजे हात सुधारले, मदतीचे माणूस बदलले किंवा मूत्रमार्गाला इजा दिसू लागली, तर तोच कागद पुन्हा भरून नव्याने भेट घ्यावी.